फळ्यासमोरचा गाझी

आमच्या उर्दू शाळेत आठवीची हजेरी घेताना एक नाव येते, मुस्तफा कमाल. मागच्या वर्षी इतिहासाच्या तासाला असहकार चळवळीचा धडा चालू होता. खिलाफतीविषयीच्या चार ओळी वाचून झाल्या आणि हा मुलगा उभा राहिला. म्हणाला, "टीचर, आमचे दादा सांगतात की माझं नाव एका मोठ्या गाझीवरून ठेवलंय. पण मोहल्ल्यातले चाचा म्हणतात, त्यानेच तर खिलाफत बुडवली. मग माझं नाव चांगलं की वाईट?"

सारा वर्ग हसला. "दोघांचंही खरं आहे, बैस," एवढे म्हणून मी पुढच्या परिच्छेदाकडे वळले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाची अशी बोळवण करू नये, हे बी.एड.ला आम्हाला शिकवलेले असते. तास संपला तरी तो प्रश्न काही मनातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आपल्या समाजात कमाल पाशा, अन्वर पाशा ही नावे एका पिढीत फार ठेवली गेली. त्या नावांमागे केवढी उमेद होती आणि पुढे केवढा अपेक्षाभंग झाला, हे आता आपण विसरत चाललो आहोत. राहिल्या आहेत त्या दोन तसबिरी. एकीत इस्लामचा तारणहार, तर दुसरीत इस्लामचा वैरी. या दोन्ही तसबिरी आपणच रंगवल्या. खरा माणूस त्यांहून निराळा होता.

दोन शाळांमधला मुलगा

मुस्तफाचा जन्म १८८१ साली सलोनिका शहरात झाला. हे शहर तेव्हा उस्मानी सल्तनतीत होते, आज ते ग्रीसमध्ये आहे. वडील अली रझा एफेंदी जकात खात्यात नोकरीला होते, पुढे त्यांनी लाकडाचा व्यापार केला. आई झुबैदा हानम धर्मनिष्ठ बाई. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे यावरून घरात वाद झाला. आईला वाटे, मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये बिस्मिल्ला व्हावी. वडिलांना शम्सी एफेंदींची शाळा हवी होती. तेथे फळा, बाके आणि नकाशे वापरून नव्या पद्धतीने शिकवत. शेवटी तडजोड झाली. आईच्या समाधानासाठी मुलगा वाजतगाजत मकतबमध्ये गेला आणि थोड्याच दिवसांनी वडिलांनी त्याला शम्सी एफेंदींकडे नेले.

हा प्रसंग वाचताना मला आपल्या घरातले जून महिन्यातले वाद आठवतात. मदरसा की शाळा, उर्दू की मराठी, मराठी की इंग्रजी? झुबैदा हानमच्या घरात जो प्रश्न होता, तो आपल्याकडे अजून सुटलेला नाही.

मुस्तफा सात वर्षांचा असताना वडील वारले. काही काळ मामाच्या शेतावर काढल्यावर त्याने आईला न विचारता लष्करी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली. तेथे गणित शिकवणाऱ्या शिक्षकाचे नावही मुस्तफाच होते. ओळखीत घोटाळा नको म्हणून त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला 'कमाल' हे दुसरे नाव दिले. कमाल म्हणजे पूर्णत्व. जे नाव पुढे जगभर गाजले, ते एका शिक्षकाने वर्गात दिलेले नाव होते.

मोनास्तिर आणि इस्तंबूल येथील शिक्षण संपवून १९०५ साली ते स्टाफ कॅप्टन झाले. सल्तनत तेव्हा चहूबाजूंनी ढासळत होती. १९११ मध्ये इटलीने त्रिपोलीवर हल्ला केला, तेव्हा कमाल तेथे लढायला गेले. १९१२ मध्ये बाल्कन युद्धात त्यांचे जन्मगाव सलोनिकाच ग्रीकांच्या हाती गेले आणि आईला निर्वासित होऊन इस्तंबूलला यावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक जखमी तुर्की सैनिकांच्या शुश्रूषेसाठी मुंबईहून जहाजाने निघाले होते. तुर्कांच्या दुःखाशी आपले नाते असे जुने आहे.

गॅलिपोली ते साकार्या

२५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता लेफ्टनंट कर्नल मुस्तफा कमाल यांनी आपली एकोणिसावी डिव्हिजन पुढे काढली आणि उंचवटे ताब्यात ठेवले. सत्तावन्नाव्या रेजिमेंटला त्यांनी दिलेला आदेश प्रसिद्ध आहे. मी तुम्हाला हल्ला करण्याचा नव्हे, मरण्याचा हुकूम देतो, असा त्याचा आशय होता. ऑगस्टमध्ये चोंक बायिरच्या लढाईत गोळ्याचा तुकडा त्यांच्या छातीवर आदळला, पण खिशातल्या घड्याळामुळे जीव वाचला.

एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. त्याच किनाऱ्यावर ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेचा पहाडी तोफखानाही उतरला होता आणि त्यात पंजाबी मुसलमान तोपची होते. म्हणजे खलिफाच्या फौजेवर तोफ डागणारे हात काही प्रमाणात आपलेच होते. पोटासाठी वर्दी घातलेल्या त्या माणसांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही, हे यातून कळते.

३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कस्तानने शस्त्रे खाली ठेवली. इस्तंबूलच्या खाडीत दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका येऊन उभ्या राहिल्या. १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य इझमीरला उतरले. चार दिवसांनी, १९ मे रोजी, मुस्तफा कमाल काळ्या समुद्रावरच्या समसून बंदरात उतरले. सरकारने त्यांना अनातोलियात पाठवले होते ते शांतता राखण्यासाठी. त्यांनी तेथे प्रतिकाराची संघटना उभारली. जुलैमध्ये त्यांनी सैन्याचा राजीनामा दिला. एर्झुरूम आणि सिवास येथे परिषदा झाल्या. २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा या तेव्हाच्या लहानशा गावात राष्ट्रीय सभा भरली. तो जुम्म्याचा दिवस होता. हाजी बैराम मशिदीत नमाज अदा करून सभासद सभागृहात गेले.

यानंतर साकार्या नदीकाठी १९२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बावीस दिवस आणि बावीस रात्री लढाई चालली. ग्रीक सैन्य मागे हटले. सभेने कमाल पाशांना मार्शलचा हुद्दा आणि 'गाझी' हा किताब दिला. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की फौजा इझमीरमध्ये शिरल्या.

आपली खिलाफत आणि त्यांचा खलिफा

याच काळात इकडे काय चालले होते? १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली. लाकडाचे बडे व्यापारी मियाँ मोहम्मद छोटाणी तिचे अध्यक्ष होते. अली बंधूंच्या सभांना अलोट गर्दी लोटे. महात्मा गांधींनी हा प्रश्न आपला मानला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी असहकार सुरू झाला. हिंदू आणि मुसलमान इतक्या मोठ्या संख्येने एकत्र रस्त्यावर उतरल्याचे देशाने क्वचितच पाहिले होते. बायकांनी दागिने उतरवून दिले. अंगोरा फंड, स्मर्ना फंड अशा नावांनी पैसा जमा झाला आणि तुर्कस्तानला गेला.

पण ज्या खलिफासाठी हे चालले होते, तो काय करत होता? एप्रिल १९२० मध्ये इस्तंबूलच्या शेखुल इस्लामने फतवा काढला की अनातोलियात लढणारे हे लोक बागी आहेत आणि त्यांना मारणे वाजिब आहे. त्या फतव्याच्या प्रती विमानांतून गावांवर टाकण्यात आल्या. मे महिन्यात लष्करी न्यायालयाने मुस्तफा कमाल यांना गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला आणि सुलतान-खलिफा वहीदुद्दीन यांनी त्यावर मोहोर उठवली. उलट अंकाऱ्याचे मुफ्ती रिफत एफेंदी यांनी प्रतिफतवा दिला. परक्यांच्या कैदेत असलेल्या खलिफाच्या नावाने निघालेला फतवा बंधनकारक नाही, असे त्यांनी सांगितले. अनातोलियातल्या दीडशेहून अधिक उलेमांनी त्याखाली सह्या केल्या.

म्हणजे मुंबईत आपण एकाच श्वासात 'खलिफा जिंदाबाद' आणि 'कमाल पाशा जिंदाबाद' म्हणत होतो, तेव्हा तिकडे खलिफाने कमाल पाशांच्या फाशीचा कागद मंजूर केलेला होता. आपल्या पुढाऱ्यांना हे अजिबात ठाऊक नव्हते असे नाही. खलिफा ब्रिटिशांचा बंदी आहे, कमाल त्याला सोडवतील, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. आपल्याला हवा तो कमाल आपण पाहिला. त्यांनी मात्र हे वचन आपल्याला कधी दिलेले नव्हते.

१ नोव्हेंबर १९२२ रोजी अंकाऱ्याच्या सभेने सल्तनत बरखास्त केली. सोळा दिवसांनी वहीदुद्दीन ब्रिटिश युद्धनौकेतून देश सोडून गेले. त्यांचे चुलतभाऊ अब्दुल मजीद यांची सभेने खलिफा म्हणून निवड केली, पण त्यांच्या हाती सत्ता नव्हती. जुलै १९२३ मध्ये लोझानचा तह झाला आणि २९ ऑक्टोबर १९२३ रोजी तुर्कस्तान प्रजासत्ताक बनले. मुस्तफा कमाल पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यानंतर महिनाभरातच आगाखान आणि न्या. सय्यद अमीर अली यांनी लंडनहून पंतप्रधान इस्मत पाशांना पत्र लिहिले. खलिफाचा दर्जा राखला जावा, अशी त्यात विनंती होती. हेतू चांगला होता. पण पत्र इस्मत पाशांच्या हाती पडण्यापूर्वीच इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आले. परदेशातले लोक आमच्या कारभारात हात घालतात, असा गहजब अंकाऱ्यात झाला. संपादकांवर खटले चालले. खिलाफत वाचवण्यासाठी लिहिलेल्या पत्राने तिचा शेवट जवळ आणला.

३ मार्च १९२४ रोजी खिलाफत संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे अब्दुल मजीद यांना कुटुंबासह मोटारीने चताल्जा स्थानकावर नेऊन युरोपच्या गाडीत बसवले गेले. पुढे निजामाने त्यांना तनखा दिला. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांची कन्या दुर्रुशहवार हिचा निकाह निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. आजच्या मराठवाड्यासह पसरलेल्या हैदराबाद संस्थानची ती सून झाली. ज्या घराण्यासाठी आपल्या आजी-पणजींनी बांगड्या उतरवल्या होत्या, त्याची लेक अशी आपल्या मुलखात आली.

आणि त्या पैशाचे काय झाले? हिंदुस्थानातून गेलेल्या रकमेचा काही भाग १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इश बँकेच्या भांडवलात गेला. ही बँक आजही तुर्कस्तानातल्या मोठ्या बँकांत गणली जाते. खिलाफतीसाठी दिलेला पैसा एका प्रजासत्ताकाच्या पायात गेला. तो वाया गेला म्हणायचा की सत्कारणी लागला, याचा निवाडा प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. डॉ. इक्बालांनी मात्र तुर्कांच्या निर्णयाकडे इज्तिहाद म्हणून पाहिले. खिलाफतीची जबाबदारी एका माणसाऐवजी निवडून आलेल्या सभेकडे सोपवता येते, हा विचार त्यांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत योग्य ठरवला.

फळा आणि खडू

३ मार्च १९२४ रोजी आणखी एक कायदा झाला होता. देशातल्या साऱ्या शाळा एकाच शिक्षण मंत्रालयाखाली आल्या. त्याच महिन्यात मदरसे बंद झाले. लहानपणी ज्या दोन शाळांमध्ये घर विभागले गेले होते, त्यांतली एक शाळाच त्यांनी देशातून उठवली. १९२५ मध्ये फेज टोपीवर बंदी आली, खानकाहांना कुलपे लागली. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवरचा दिवाणी कायदा आला. बहुपत्नीत्व आणि एकतर्फी तलाक संपले. १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क मिळाला. पुढच्या वर्षी सतरा स्त्रिया निवडून आल्या. फ्रान्समधल्या स्त्रियांना हा हक्क १९४४ मध्ये मिळाला, हे लक्षात घ्यावे.

एक स्त्री म्हणून मला येथे लतीफा हानमची आठवण येते. उच्चशिक्षित, अनेक भाषा जाणणारी ही तरुणी १९२३ मध्ये कमाल पाशांची पत्नी झाली. ऑगस्ट १९२५ मध्ये त्यांनी तिला तलाक दिला, तोही जुन्या कायद्याने, एकतर्फी. नवा कायदा त्यानंतर सहा महिन्यांनी मंजूर झाला. लतीफा १९७५ पर्यंत जगली आणि त्या विषयावर तिने जाहीरपणे तोंड उघडले नाही. लाखो स्त्रियांना ज्या गोष्टीपासून त्यांनी सोडवले, ती त्यांनी स्वतःच्या घरात करून ठेवली होती.

पण शिक्षिका म्हणून माझी नजर खिळते ती १९२८ वर. त्या वर्षी तुर्कीची अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. कारण समजून घ्यायला हवे. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत ते दाखवण्याची पुरती सोय नाही. एकच 'वाव' व्यंजनासाठी आणि वर चार निरनिराळ्या स्वरांसाठी वापरावा लागे. उर्दू शिकवणाऱ्याला ही अडचण वेगळी सांगावी लागत नाही. पहिलीतली मुले 'वाव'पाशी कशी अडखळतात ते मी रोज पाहते. १९२७ च्या शिरगणतीत शंभरात जेमतेम दहा लोकांना लिहिता-वाचता येत होते.

नव्या लिपीसाठी निदान पाच वर्षे घ्यावीत, असे तज्ज्ञांचे म्हणणे होते. कमाल पाशांनी काही महिन्यांत ते उरकले. ऑगस्टमध्ये घोषणा, १ नोव्हेंबरला कायदा आणि डिसेंबरपासून वृत्तपत्रे नव्या अक्षरांत. ते स्वतः गावोगाव फिरले. सप्टेंबरमध्ये कायसेरी येथे काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात उघड्यावर एक फळा लावला आहे आणि हाती खडू घेऊन देशाचा राष्ट्राध्यक्ष अक्षरे शिकवतो आहे. सरकारने त्यांना 'मुख्य शिक्षक' हे पद दिले. राष्ट्रशाळा निघाल्या, त्यांत मोठी माणसे पाटी घेऊन बसली. १९३५ पर्यंत साक्षरांचे प्रमाण शंभरात वीसपर्यंत गेले. तुर्कस्तानात २४ नोव्हेंबर हा शिक्षक दिन असतो, तो याच पदाच्या आठवणीसाठी.

ते छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. नंतर दुसरी बाजू लक्षात आली. त्या फळ्यावरून जे पुसले गेले, ते काय होते? सहा शतकांचे दप्तर, शायरी, तफसीर, आजोबांच्या कबरीवरचा मजकूर, आईने जपलेली पत्रे. नातवाला काहीच वाचता येईना. पुढे भाषेतले अरबी-फारसी शब्दही निवडून काढले गेले. १९२७ मध्ये कमाल पाशांनी सहा दिवस, एकूण छत्तीस तास भाषण करून स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत सांगितली होती. ते भाषण अरबी लिपीत छापले गेले. आणि पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून राष्ट्रपित्याचे शब्द नव्या तुर्कीत पुन्हा मांडावे लागले!

हिशेब

कमाल पाशांनी नमाजवर बंदी घातली, मशिदी बंद पाडल्या, अशा गोष्टी आपल्याकडे सर्रास सांगितल्या जातात. नमाजवर बंदी कधीच नव्हती. धर्मव्यवहारासाठी स्वतंत्र खाते १९२४ मध्येच स्थापन झाले आणि त्याचे पहिले प्रमुख तेच मुफ्ती रिफत एफेंदी होते. कुरआनची मोठी तुर्की तफसीर याच राजवटीत सरकारी खर्चाने लिहून घेतली गेली. पण १९३२ पासून अजान तुर्कीत देण्याची सक्ती झाली आणि ती १९५० मध्येच उठली, हेही खरे आहे.

त्याहून गंभीर गोष्टी आहेत. आतिफ होजा नावाच्या आलिमाला १९२६ मध्ये फाशी झाली. टोपीचा कायदा होण्यापूर्वी लिहिलेली त्यांची पुस्तिका त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. १९२५ मध्ये शेख सईद यांचे बंड आणि १९३७-३८ मध्ये दरसीम येथील कुर्दांचा उठाव फार क्रूरपणे मोडला गेला. स्वातंत्र्ययुद्धातले जुने सोबती काझिम काराबेकिर यांनी विरोधी पक्ष काढला, तो सात महिन्यांत बंद करण्यात आला. १९३० मधला दुसरा प्रयोग तीन महिनेच टिकला. सुलतानाला हटवणाऱ्या माणसाच्या हयातीत तुर्कस्तानात खरी लढतीची निवडणूक झाली नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात त्यांचे निधन झाले. १९३४ पासून ते 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचे पिता, या आडनावाने ओळखले जात. विरोधी पक्षाने मतपेटीतून सत्ता घेतली ती १९५० मध्ये. पण हे घडू शकले ते त्यांनीच उभारलेल्या संसदेत आणि त्यांनीच साक्षर केलेल्या मतदारांमुळे, हेही विसरता येत नाही. २०२३ मध्ये त्या प्रजासत्ताकाला शंभर वर्षे झाली.

मग आपण काय घ्यावे? मला वाटते, फळा घ्यावा, हुकूम घेऊ नये. समाज शिकल्याशिवाय वाचत नाही, ही त्यांची जाण शंभर नंबरी होती. मात्र सैन्याला हुकूम देतात तसा समाजाला देता येत नाही. दिलाच तर तो पाळला जातो, पण मनातली गाठ तशीच राहते. अजानबाबत हेच झाले.

आता आपल्या घरात पाहू. माझ्या नानांची पत्रे आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. सारी उर्दूत. माझ्या बहिणीची मुले इंग्रजी शाळेत जातात. ती म्हणतात, "खाला, वाचून दाखव ना." त्यांना त्यातले एक अक्षर लागत नाही. आपल्याकडे कोणत्याही कमाल पाशाने कायदा केला नाही. लिपी आपण आपल्या हाताने सोडली, आणि तुर्कांना तिच्या बदल्यात जी घरोघर साक्षरता मिळाली, तिचा आग्रहही आपण तेवढा धरला नाही. दुसरीकडे असेही लोक आहेत की उर्दू जाईल या भीतीने मुलांना मराठीपासून दूर ठेवतात. मी उर्दू शिकवते आणि हा लेख मराठीत लिहिते आहे. एकासाठी दुसरी सोडावी लागते, हे मला कधी पटलेले नाही.

या वर्षी तो धडा पुन्हा आला. मुस्तफा कमाल आता नववीत गेला आहे. मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावून घेतले आणि वरचे सारे थोडक्यात सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे टीचर, नाव चांगलं आहे, पण सगळंच चांगलं नाही." मी म्हटले, "आता बरोबर बोललास." मग त्याच्या हाती खडू दिला आणि नाव लिहायला सांगितले. त्याने उजवीकडून उर्दूत लिहिले, डावीकडून देवनागरीत लिहिले आणि खाली रोमनमध्ये. तिन्हींत एकही चूक नव्हती.

घंटा झाली. फळा मी तसाच राहू दिला.